समुद्राकाठचे रोडगे

...आणि गोवऱ्या कशाला, हे मी रिसोडच्या स्टँडवरच विचारले होते. महाबळेश्वरपर्यंत एस.टी., तिथून घाट उतरून, नारळी-पोफळीच्या बागांतून, समुद्राकाठच्या शहरांपर्यंत पायी सहल. आणि आमच्या महिला मंडळाच्या कस्तुराबाईंच्या डोक्यावर गोवऱ्यांचे पोते. मला म्हणतात, "तिकळच्या ढोराईचा काय भरोसा, विमलबाई? नवसाचे रोडगे हायेत माहे." बहात्तरच्या दुष्काळात त्या मारोतीला बोलल्या होत्या : पाणी दाखव, समुद्राकाठच्या तुझ्या देवळात पायी येऊन रोडगे करीन. कणकेचे ते जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात पुरायचे, आणि नैवेद्य होईपर्यंत जागेवरून कुणी हलायचे नाही, ही आमच्याकडची रीत. रीतीबद्दल माझी तक्रार नाही. तुम्हाला सांगते, मी भित्री नाही. मला फक्त पुढचे आधी दिसते.

घाटात मला प्रत्येक वळणापलीकडे दरी दिसत होती, आणि ती तिथे होतीच ना? आमचे म्होरके उदयसिंग, निवृत्त कवायत-मास्तर, कठड्याला टेकून सांगत, "लांब श्वास घ्या, लांब," आणि इथे मला होता तोच श्वास सापडेना. बागांत उतरलो तर डोक्यावर नारळ. नेमके त्यांच्याखाली मंडळाच्याच मनकर्णाबाईंनी सतरंजी अंथरलेली. मी उन्हात उभ्याने जेवले. हसल्या सगळ्या. हसोत.

मग समुद्र. मारोतीचे देऊळ खडकावर, आणि खडकापर्यंत कोरडी वाळू. उदयसिंग म्हणाले, "पाहा, रस्ता कसा बांधून ठेवला देवानं." मी म्हटले, "मास्तर, ही ओहोटी आहे. भरती आली की ही वाळू राहणार नाही. चंद्राच्या आकर्षणाने पाणी चढते, हे मी मॅट्रिकला शिकले आहे." तर म्हणतात, "चंद्र तं आता निघालाच नाही, बाई." आमच्याकडे तलावाचे पाणी तलावातच बसते. उन्हाळ्यात आटते, पण उठून अंगावर येत नाही. सगळ्यांमागोमाग मीही खडकावर पोहोचले. तिथून मी एकटी परत जाणार होते; पण एकटीने त्या वाळूवरून जायचे, आणि मध्येच पाणी आले तर? मला पुढचे आधी दिसते ना. मी देवळाच्या पायरीवर बसले आणि पाण्याकडे टक लावून पाहत राहिले.

रोडगे विस्तवात गेले, आणि वाळू ओली झाली. मी म्हटले, "कस्तुराबाई, पाणी." त्या राख सारतात आणि म्हणतात, "येऊ द्या. मागतलेलं पानी येऊन राह्यलं." मनकर्णाबाई म्हणाल्या, "कच्चे रोडगे सोडून उठता येते काय, माय?" आणि वाळू दिसेनाशी झाली... मग पहिली पायरी गेली, मग दुसरी, मग माझ्या वहाणा तरंगत निघाल्या, मास्तर "रांगेत उभे राहा" म्हणू लागले, कुठल्या रांगेत? आणि एक लाट माझ्या गुडघ्यांवर आली, थंड, ओढणारी, आणि तुम्हाला सांगते, जन्मभर ज्या बाईने नवस बोलणाऱ्यांना नावे ठेवली तिच्या तोंडून, सगळ्यांच्या देखत, स्पष्ट उच्चारांत बाहेर पडले : "मारोतीराया, मला कोरड्या जमिनीवर सुखरूप पोहोचव, मी स्वतः, पायी, याच वाटेने येऊन, याच पायरीवर, माझ्या हातांनी तुला रोडगे करीन."

कोळ्यांनी होडी आणली. कस्तुराबाईंनी आधी नैवेद्य दाखवला, मग रोडग्यांचे टोपले होडीत चढवले, मग मला.

रोडगे उत्तम भाजले होते, हेही सांगून टाकते.

घरी आल्यावर मी पळवाट शोधली. लोकांचे नवस कसे सैल असतात : "तुझी सेवा करीन." त्यात नारळही बसतो, उदबत्तीही बसते. माझा नवस मॅट्रिकच्या उत्तरासारखा. कोण, कसे, कुठून, कुठे. काही म्हणता काही सुटलेले नाही. वर साक्षीला अख्खे महिला मंडळ. काल कस्तुराबाई दारात येऊन म्हणाल्या, "काहो विमलबाई, भेव वाटते काय?"

मी म्हटले, मी भित्री नाही. मला पुढचे आधी दिसते : तोच घाट, तेच नारळ, तेच पाणी. म्हणून तर माझ्या अंगणात त्या गोवऱ्या वाळत घातल्या आहेत. तिकडच्या गुरांचा काय भरवसा?