तुरुंगाच्या दारातल्या सँडल

तुमच्या दाराबाहेर हा चपलांचा ढीग बघितला ना, की मला ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातला जुना तुरुंग आठवतो. हसू नका, ऐका.

तिथल्या हॉस्पिटलात नोकरी लागून सहा महिने झाले होते. सुट्टीच्या दिवशी करायला काही नसायचं, म्हणून एकटाच तो तुरुंग बघायला गेलो. आता तिथे म्युझियम आहे. दगडी भिंती हातभर जाड, खिडकी म्हणजे छताखाली एक झरोका, आणि दार इतकं ठेंगणं की कैद्याला वाकूनच आत जावं लागायचं. बाहेर उकाड्याने जीव नकोसा झालेला, आत मात्र गारवा. मी एका कोठडीत भिंतीला टेकून बसलो आणि माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा म्हातारा गाइड दारात उभा. "मेट, या सँडल तुझ्या? या दिसल्या म्हणून आत डोकावलो, नाहीतर कुलूपच लावत होतो. काढल्यास कशाला?"

म्हटलं, "उंबरा दिसला. सवयीने काढल्या गेल्या."

तो म्हणाला, "इतकी वर्षं इथे आहे, पण या कोठडीत कोणी पाहुण्यासारखं आलेलं बघितलं नाही."

मी हसलो, सँडल घातल्या, गाडीत येऊन बसलो. पण गाडी सुरू करवेना. सहा महिन्यांत, माझी खोली सोडली तर, मी सँडल काढून आत गेलो असं डार्विनमधलं ते पहिलंच दार होतं.