स्लॅबच्या वाट्याचं पाणी

कारंज्याच्या स्टँडवर इंझोरीची लिलाबाई एस.टी.ची वाट पाहत बसली होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला दोघं बोलत होते.

"काहून माणिकराव, ठेकेदारीचं लायसन गेलं म्हनतेत?"

"गेलं ना, भिवाजी. कालच कागद आला. इंझोरीले मास्तरलोकायसाठी घरं बांधली, त्याचे स्लॅब तडकले."

"सिमिटात रेती जास्त टाकली असन."

"एक घमेलं जास्त नाही टाकलं. पानी कमी पडलं. स्लॅब टाकल्यावर पंधरा दिवस वर पानी भरून ठेवा लागते. दुष्काळाचं साल. स्लॅबसाठी सरकारी टँकर आला का बाया रिकामे गुंड-घागरी घेऊन उभ्या."

"अन् तुमी देल्लं?"

"लेकरं कडेवर रडत होते गा. स्लॅब काही रडत नव्हता."

"मंग हे चौकशीत सांगा लागत होतं."

"सांगतलं. साहेब म्हने, एक तरी साक्षीदार आन. घरोघर फिरलो. आमी सरकारी पानी नेलं, असं सांगाले कोन तयार होईन? दारं लावून घेतली लोकायनं."

"एक बाई नाही निघाली?"

"एक नाही."

भिवाजीची गाडी लागली. तो गेला.  माणिकराव बाकाच्या या टोकाकडे वळला.

"बाई, तुमाले कुठी तरी पाह्यलं वाटते. इंझोरीच्या का तुमी?"

लिलाबाईनं पदर पुढं ओढला.

"नाही बाप्पा. मी कामरगावची."

थोड्या वेळानं इंझोरीची गाडी लागली, भरली आणि सुटली. लिलाबाई बाकावरच बसून होती.