समुद्रावरून आलेला ट्रायपॉड

ओझरच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर बसले होते. त्यांच्या शेजारी एक फोटोग्राफर मुलगी, मांडीवर ट्रायपॉड.

“ह्याचा पाय अडकतोय वाटतं?” त्यांनी ट्रायपॉडकडं बोट केलं.

“दिवेआगरला शूटिंग होतं, काका. तेव्हापासून करकरतोय. रोज तेल सोडतेय मी.”

“अन् धुतला कधी?”

“धुवायचा कशाला? गंजेल ना!”

“मीठ राहिलं की गंजतो. तू तर वरून तेल सोडून वाळू आत कोंडलीस.”

“उद्या येवल्याला लग्न आहे. पाय सरकला तर कॅमेरा खाली!”

“नाय सरकत. घरी गेलीस की तिन्ही पाय खोल. साबणाच्या पाण्यात ब्रशनं घास, नळाखाली धर, पार सुकू दे. मग आट्यांना नखभर ग्रीस. जास्ती नाय.”

“नक्की?”

“समुद्रावरची विमानं यायची आमच्याकडं. पान्याला हात लावायच्या आधी मीठ धुवायचं. तीस वर्षं तेच केलं.”

“म्हणजे समुद्र तुमच्या चांगलाच ओळखीचा!”

“छे! अजून बघितलाबी नाय. कसा असतो गं?”