वरच्या मजल्यावर ऐकू आलेला सौदा

मी, खाली सही करणारा, वय ४३ वर्षे, धंदा मालिका व छोट्या फिल्मसाठी संहितालेखन (नोकरी नाही, मिळेल ते काम), राहणार पुलाकडून तिसरी गल्ली, कोपऱ्यावरचे दुमजली घर, वरचा मजला, आज दिनांक २ रोजी सकाळी साडेदहा वाजता ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून आणि काही ठिकाणी न विचारताही, सांगतो की,

सदर घराच्या खालच्या मजल्यावर घरमालकीण राहतात. त्याच या प्रकरणातील तक्रारदार. वय ७१. गल्लीत सगळे त्यांना काकू म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचे यजमान नळजोडणीचे काम करीत. सहा वर्षांपूर्वी वारले. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात असते. मी नऊ वर्षे त्यांचा भाडेकरू आहे. नऊ वर्षांत काकूंनी भाडे एकदाच वाढवले, आणि नंतर आठवडाभर त्याच माझी नजर चुकवत होत्या.

दोन मजल्यांमध्ये लाकडी फळ्या आहेत. वरचे खाली आणि खालचे वर स्वच्छ ऐकू येते. मला संवाद मोठ्याने बोलून, दोन्ही पात्रांचे दोन आवाज काढून लिहायची खोड आहे. सुरुवातीला काकूंना वाटले की वर रोज भांडण चालते. पुढे त्या खालून झाडूच्या दांड्याने ठोकत आणि ओरडत, "अहो लेखकराव, कुठली सासू असं बोलते? तिला म्हणावं, आधी जेवून घे, मग काय ते बोल!" मी ते वाक्य तिथल्या तिथे लिहून घेत असे. त्यांची अशी बरीच वाक्ये मालिकेत गेलेली आहेत. त्यांना ते माहीत होते आणि त्याचे कौतुकही होते. शेजारणींना त्या सांगत की मालिका आम्ही दोघे मिळून लिहितो.

गल्लीबद्दल विचारल्यावरून सांगतो की, दोन वर्षांपूर्वी नवा पूल झाला आणि पलीकडे मोठी कार्यालये आली. तेव्हापासून इकडचे भाव चढले. बावीस घरांपैकी नऊ विकली गेली. जी उरली त्यांच्या दारात दर आठवड्याला कोणी ना कोणी दलाल येऊन चपला काढतो. भाडी दुपटीच्या वर गेली. शिंपी गेला, शिकवणीच्या बाई गेल्या, औषधांच्या दुकानातला माणूस गेला. कुठे गेले ते कोणी विचारून ठेवले नाही. विकल्या गेलेल्या एका घराच्या जागी सात मजली इमारत झाली. तिच्या जाहिरातीतले 'शहराच्या मधोमध, तरीही निवांत' हे शब्द माझे आहेत. ज्या गल्लीत मला दुसरी खोली परवडली नसती, तिची जाहिरात मी त्याच गल्लीत बसून लिहिली.

उद्या काकूंचे काही बरेवाईट झाले तर काय, म्हणून मी चार-पाच खोल्या गुपचूप पाहून आलो होतो. एका ठिकाणी गॅलरीत ओटा घालून दलाल त्याला मोकळे स्वयंपाकघर म्हणत होता. दुसरीकडे पगाराची पावती मागितली. मी म्हणालो, पगार नाही, मालिका आहे. मालिकेचे नाव ऐकताच घरमालकाची बायको आतून आली आणि मोठ्या जावेला का मारलंत, असे विचारू लागली. त्या नटीच्या तारखा मिळत नव्हत्या, असे मी खरे ते सांगितले. ती खोली मला मिळाली नाही.

मार्चमध्ये ती मालिका बंद झाली. तोवर माझा दिवस ठरलेला असे. नऊला कथेचा सांगाडा फोनवर येई, चारपर्यंत संवाद लिहून द्यायचे, पाचला अमुक नट येणार नाही असे कळे आणि त्याची वाक्ये दुसऱ्याच्या तोंडी घालायची. मालिका गेली आणि फोन वाजायचा थांबला. मे महिन्यात एका बांधकाम कंपनीच्या प्रशिक्षण विभागाकडून काम आले. घरे विकत घेण्यासाठी दारोदार जाणाऱ्या नव्या माणसांना शिकवायला दहा मिनिटांची फिल्म हवी होती. एक म्हातारी विधवा घर द्यायला तयार नाही, कंपनीचा माणूस येतो, तिचे मन वळवतो, ती सही करते. मी होकार दिला.

ती विधवा मी काकूंवरून लिहिली. बाई खरी वाटावी म्हणून काकूंच्या हरकती जशाच्या तशा, त्यांच्याच क्रमाने घातल्या. घर आमच्या ह्यांच्या हातचं आहे. मला जिने चढवत नाहीत. लेक नको म्हणेल. आमच्या धंद्यात प्रसंग पलटावा लागतो. पात्र सुरुवातीला नाही म्हणत असेल तर शेवटी ते हो म्हणाले पाहिजे. काकू कशाने हो म्हणतील याचा मी दोन दिवस विचार केला. यजमानांनी बसवलेल्या नळांचा त्यांना फार अभिमान आहे. म्हणून फिल्ममधला माणूस आधी पाणी मागतो आणि म्हणतो, "इतका जुना नळ आणि थेंब गळत नाही! कोणाचा हात लागलाय याला?" त्यानंतरचे वाक्य, ज्यावरून ही तक्रार आहे, ते असे: "तुम्ही कुठे जायचंच नाही. इमारत झाली की तळमजल्यावर, इथेच, याच बाजूला दार असलेलं घर तुमचं." हे वाक्य कंपनीने दिलेले नव्हते. ते मी रचले, कारण त्याशिवाय ती बाई काही केल्या सही करेना.

ही संहिता मी तोंड मिटून लिहिली. काकूंनी खालून दोनदा विचारले, "आज काय, सगळे मुके झाले का?" मी म्हणालो, घसा बसलाय. त्यांनी गरम पाणी वर आणून दिले. गुडघ्यांमुळे त्या एरवी जिना चढत नाहीत.

संहिता दाखवताना मी प्रशिक्षण विभागाच्या बाईंना विचारले होते, "तळमजल्याचं घर तुम्ही खरंच देता का?" त्या म्हणाल्या, "ते वकील बघतील. वाक्य छान आहे, राहू द्या." मी राहू दिले. ही कंपनी आमच्या गल्लीत घरे घेते याची मला कल्पना नव्हती, असे काल काकूंच्या मुलीला मी फोनवर सांगितले. ते खोटे आहे. गल्लीच्या तोंडाशी कंपनीची पाटी आहे आणि मी रोज तिच्याखालून येतो-जातो.

गेल्या महिन्यात दिनांक १४ रोजी, मंगळवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास खालचे दार वाजले. मी वर टेबलाशी बसलो होतो. खिडकीतून पाहिले तर एक तिशीचा माणूस होता, पांढरा शर्ट, निळा टाय. गल्लीत त्याला टायवाला म्हणतात. आत बसल्यावर त्याने पाणी मागितले. भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, "इतका जुना नळ आणि थेंब गळत नाही! कोणाचा हात लागलाय याला?"

काकू म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा."

माझ्या फिल्ममधली बाईही हेच म्हणते. पुढची पंधरा-वीस मिनिटे खाली माझी संहिता चालू होती. टायवाल्याने ती पाठ केलेली होती. काकूंनी केलेली नव्हती, तरी त्या कुठे चुकत नव्हत्या. घर ह्यांच्या हातचं, जिने, लेक, सगळे क्रमाने आले, आणि प्रत्येकाला माझे उत्तर मिळत गेले.

मी तेव्हाच खाली जाऊन "काकू, हे सगळं मी लिहिलेलं आहे" असे सांगायला हवे होते. सतरा पायऱ्या आहेत. का गेलो नाही, असे विचारल्यावरून सांगतो की, प्रसंग रंगला होता. इतकी वर्षे नटांनी माझी वाक्ये गिळली, उलटीपालटी केली, निम्मी खाल्ली. माझे लिहिलेले इतके चांगले कोणी कधी बोलले नव्हते. मला पुढचे ऐकायचे होते. याची मला लाज वाटते, आणि हे असेच लिहून घ्यावे.

मग प्रसंग अडला. जिथे बाई विरघळते असे मी लिहिले आहे तिथे काकू म्हणाल्या, "नळ चांगला आहे म्हणून घर देऊन टाकायचं होय?" मला वर बसून हसू आले. टायवाल्याने तळमजल्याचे वाक्य टाकले. मी लिहिले होते त्याहून हळू बोलला, चांगले बोलला. काकूंनी पाण्याचे भांडे उचलून आत नेऊन ठेवल्याचा आवाज आला. नंतर म्हणाल्या, "नको. मी आहे तिथे बरी आहे." माझी संहिता तिथे संपली. टायवाल्याजवळ पुढचे काही नव्हते. त्याने कागद गोळा केल्याचे ऐकू आले.

जबाब घेणाऱ्या साहेबांनी येथे मला थांबवून सांगितले की, नंतर सही झालेल्या साठेखतात तळमजल्याच्या घराचा उल्लेख नाही. तीन महिन्यांत घर रिकामे करून द्यायचे, एवढेच आहे. टायवाला म्हणतो, मी असे काही बोललोच नाही. कंपनी म्हणते, ते वाक्य आमच्या एका काल्पनिक फिल्ममधले आहे आणि साक्षीदार स्वतःच लिहिलेले पाठ म्हणून दाखवतो आहे. साहेबांनी विचारले, "तुम्ही ऐकलेलं सांगताय की लिहिलेलं?" प्रश्न रास्त आहे. माझ्या साक्षीला अडचण आहे ती एवढीच, की ती माझ्या संहितेबरहुकूम आहे. काकूंकडे दुसरा साक्षीदार नाही. म्हणून जे माझ्या संहितेत नाही ते आता सांगतो.

टायवाला उठला होता. खुर्ची सरकली. तेव्हा काकू म्हणाल्या, "थांबा जरा. वर आमचे लेखक राहतात. त्यांचं काय होईल?"

तो म्हणाला, "कोण लेखक?"

"भाडेकरू आहेत. भला माणूस आहे. त्यांना कुठे खोली मिळत नाहीये हो. शोधतायत, मला सांगत नाहीत, पण बाहेरून आले की जिन्यावरच्या पावलांवरून कळतं. उद्या मी गेले तर माझी लेक घर विकणारच, मग त्यांना कोण ठेवणार?"

खुर्ची पुन्हा सरकली, टायवाला बसला. मग म्हणाला, "त्यांनाही देऊ ना. तुम्ही खाली, ते वर. आत्ताचंच भाडं."

"नक्की?"

"नक्की, काकू."

काकू म्हणाल्या, "मग आणा ते कागद. चष्मा कुठे ठेवला मी?"

हे बोलणे माझ्या संहितेत कुठेही नाही. प्रत कंपनीकडे आहे, ताडून पाहावी. माझ्या फिल्ममधल्या विधवेच्या घरी भाडेकरूच नाही. पात्रे कमी हवी होती म्हणून मी स्वतःला काढून टाकले होते. काकूंनी आपल्या तक्रारीतही हे सांगितलेले नाही, असे साहेबांकडून कळले. त्या विसरणाऱ्यातल्या नाहीत. माझ्या डोक्यावर ओझे नको म्हणून सांगितले नसावे. टायवाल्याला वेगळे बसवून फक्त एवढेच विचारावे, की वर कोण राहते आणि ते तुला कोणी सांगितले. तळमजल्याचे वाक्य त्याने फिल्ममधून उचलले असे म्हणता येईल. माझ्या खोलीचे त्याने कुठून उचलले, ते त्याला सांगावे लागेल.

चष्मा सापडून सही होईपर्यंत किती वेळ गेला, असे विचारल्यावरून सांगतो की, सात-आठ मिनिटे. चष्मा मिळेना. काकू कपाट उघडत होत्या, उश्या उचलत होत्या. चष्मा रेडिओवर होता. तो नेहमी तिथेच असतो आणि मला ते माहीत होते.

तेवढ्या वेळात खाली का गेलो नाही, असे साहेबांनी दुसऱ्यांदा विचारले. आधी दिलेले उत्तर येथे चालणार नाही, कारण माझा प्रसंग तोवर संपला होता. तळमजल्याचे वचन खोटे आहे हे साऱ्या गल्लीत मला एकट्याला ठाऊक होते, ते मीच रचलेले होते. त्याच माणसाने त्याच दमात दिलेले वरच्या खोलीचे वचन मात्र मी खरे धरले. टेबल कोणत्या खिडकीशी लावायचे ते मी ठरवत बसलो होतो. म्हणून गेलो नाही.

लिहून घेणाऱ्या हवालदारांनी विचारले की, हे शेवटचे तपासाला लागत नाही, गाळू का. मी गाळू नका म्हणालो.

काकू बाहेर बाकावर बसल्या आहेत. त्यांनीच मला हाताला धरून येथे आणले व "हे खोटं बोलायचे नाहीत" असे ठाणे अंमलदारांना सांगितले. या जबाबात काय आहे ते त्यांना मी स्वतः सांगणार आहे. त्याआधी कोणी सांगू नये, एवढी विनंती.

वरील मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. त्यात मी एकही वाक्य सुधारलेले नाही.

समक्ष,
(सही)