काठावरचा मी

मी मूळचा मालवणचा. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर, पण ताई, मला पोहता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे जीभ रेटणार नाही. वडील पोस्टात कारकून, आमच्यात दर्यात जाणारं कोणी नाही, आई म्हणायची, दर्याकडे जाव नको, आणि मी गेलो नाही, गुडघ्याच्या वर कधी पाणी लागलं नाही. पण मालवण म्हटलं की लोकांना वाटतं हा पट्टीचा पोहणारा असणार, आणि मीही कधी कोणाला नाही म्हटलं नाही.

जर्मनीत म्युनिकजवळ गार्चिंगला पीएचडीला आलो, तिथं आमच्या लॅबमध्ये केतकी, नागपूरची. नागपूरला कुठला समुद्र, तेव्हा तिच्यापुढे माझी बढाई जरा जास्तच. तिला सर्फिंगचं वेड लागलं. म्युनिकला बागेत एक ओढा आहे, पाणी बर्फासारखं, खाली दगड, त्या दगडांवरून पाणी उसळून एक लाट उभी राहते, ती जागची हलतच नाही. लोक फळ्या घेऊन दोन्ही काठांवर रांग लावतात, आल्झो, म्हणजे अर्थात, जर्मनीच ती, एक पडला की मगच दुसरा उतरणार. केतकी वर्षभर दुसरीकडे शिकली होती, पण या लाटेची तिला धास्ती. म्हणाली, तू काठावर असशील तर उतरते. मी म्हटलं, उतर बिनधास्त, मी आहे ना, अगं पाण्यात जन्म गेला आमचा. काय सांगू तुम्हाला, असं म्हटलं मी, ह्याच तोंडानं.

ती उतरली, क्षणभर उभी राहिली आणि पडली. पडतात सगळेच, पुढे वाहत जाऊन काठाला लागतात. पण ही वर आली तेव्हा एक हात नुसता लोंबत होता, खांदा दगडावर आपटलेला, आणि ती माझं नाव घेऊन ओरडली. माझ्यासमोरून गेली, ताई, ह्या टेबलाएवढं अंतर, आणि मी उभाच. पाय उचललाच नाही. रांगेतल्या एका पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्यानं फळी टाकून उडी मारली, त्यानं काढलं तिला. मग मात्र मी पुढे, टॉवेल काय, अँब्युलन्स काय, क्रांकेनहाउसपर्यंत, म्हणजे इस्पितळापर्यंत, तिचा हात धरून.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून तिच्या आईचा फोन. त्यांनी आपल्या मनानंच जुळवलं होतं, म्हणाल्या, बाबा, तू उडी टाकलीस म्हणून माझी पोर हाती लागली. मावशी, तो मी नव्हे, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, त्यात काय मावशी. फोन ठेवला आणि इतकी लाज वाटली, इतकी लाज, की आरशात बघवेना.

आठ महिने तसेच काढले. शेवटी मेन्झात, युनिव्हर्सिटीच्या खानावळीत, जेवताना केतकीला सांगून टाकलं, मला पोहताच येत नाही गं, कधीच येत नव्हतं. ती ताटातले बटाटे चिवडत म्हणाली, माहितीये, वाहत जाताना मी तुलाच बघत होते, तू बूटसुद्धा काढले नाहीस.

मी म्हटलं, मग आईंना खरं सांगू दे. म्हणाली, खबरदार, इथं माझं कोणीतरी आहे ह्या भरवशावर झोपते ती, आता निस्तर.

तर आता शनिवारी पोहायच्या क्लासला जातो, एकटा मीच मोठा, बाकी सगळी पाच-सहा वर्षांची पोरं, ती मला शिकवतात, श्वास पाण्यात सोड, गेनाऊ, बरोब्बर, असा. आणि रविवारी मावशींचा फोन येतो, न चुकता. औक्षवंत हो रे बाबा, म्हणतात. मी खाली बघून म्हणतो, हो मावशी.