भिंतीतली पाखरं

(दूरच्या बेटाजवळ नांगर टाकलेलं छोटं प्रवासी जहाज. खालचं स्वयंपाकघर. जून महिना; संध्याकाळ झाली तरी बाहेर लख्ख उजेड.)

टॉर्किल : हात हलवू नकोस, मार्सली. मनगट मोडलंय. दोन लाकडी चमच्यांत धरून बांधतो.

मार्सली : तो जगेल का, काका?

टॉर्किल : श्वास चालू आहे. जबडा तुटलाय, कानातून रक्त येतंय. डोलीना बसलीय त्याच्यापाशी. हेलिकॉप्टर निघालंय.

मार्सली : आणि बाकीचे प्रवासी?

टॉर्किल : वर डेकवर चहाचे कप धरून बसलेत. ते तेव्हा पलीकडच्या कड्यावर पफिन पक्षी बघत होते. कुणी काही पाहिलं नाही. पाहिलं ते फक्त मी, खाली होडीतून, आणि धावत वर आलो. तेव्हा आता नीट ऐक. बेटावरच्या साधूंच्या जुन्या मठीची भिंत ढासळली आणि आपला प्रवासी वॉडलो तिच्याखाली सापडला. पोलिसांना एवढंच सांगायचं.

मार्सली : भिंत ढासळली नाही. त्याने पाडली.

टॉर्किल : पडली ना? मग झालं.

मार्सली : प्रवाशांना साधूंची थडगी दाखवून झाली आणि माणसं मोजली, तर एक कमी. बाकीच्यांना कड्यावर सोडून परत फिरले. हा मठीत गुडघे टेकून बसलेला, हातात पहार. बाराशे वर्षं ते दगड चुन्याच्या थेंबाशिवाय उभे होते, काका. हा एकेक उपटत होता. भोकात हात घालून घरट्यात बसलेलं वादळपाखरू ओढलं, मान पिरगाळली, भिरकावून दिलं. अंडं तेवढं कापसात ठेवलं. आणि डबा अंड्यांनी निम्मा भरलेला.

टॉर्किल : त्याला ओरडायचंस. मला हाक मारायचीस.

मार्सली : ‘ठेवा ते खाली’ म्हटलं. तर हसला. म्हणे, लुटारूंनी तुमच्या साधूंची डोकी फोडली ते सांगून तू पोट भरतेस, मग मी माझ्या संग्रहाला चार अंडी नेली तर काय बिघडलं? मी डबा ओढला. त्याने पहार घातली मनगटावर. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला.

टॉर्किल : बघ, पहिला वार त्याचा. तू जीव वाचवायला दगड उचललास.

मार्सली : पहिल्यांदा मारला तो जीव वाचवायला. मग तो पडला. पहार सुटली हातातून. ‘पुरे’ म्हणाला. मला ऐकू आलं, काका. तरी दुसऱ्यांदा घातला. दात दगडावर सांडले त्याचे. तिसऱ्यांदा घातला तेव्हा मला बरं वाटलं.

टॉर्किल : हे पुन्हा तोंडातून काढू नकोस.

मार्सली : तू ओढलं नसतंस, तर मी थांबले नसते.

डोलीना : टॉर्किल, शुद्धीवर आलाय तो. रक्त ओकला. डावा डोळा राहील असं वाटत नाही. तसल्या जबड्याने विचारतोय, डबा कुठाय.

टॉर्किल : डोलीना, त्याच्यावर भिंत पडली. कळलं?

डोलीना : त्याचं डोकं मी पुसलंय. भिंत एकाच जागी तीनदा पडत नाही.

टॉर्किल : तू स्वयंपाक बघ. डॉक्टर नाहीस तू.

डोलीना : नाहीच. पण तुझा हा आवाज मला माहितीये. धक्क्यावर असाच बोलला होतास, ‘इशबेल शेवाळावरून घसरली.’

टॉर्किल : पोरीसमोर नको.

मार्सली : बोलू दे तिला. मी सहा वर्षांची होते, बहिरी नव्हते. बाबांनी आईला वल्ह्याने झोडपलं. चार बरगड्या मोडल्या. आणि पोलिसाला तू सांगितलंस, शेवाळ.

टॉर्किल : माझा भाऊ होता तो. माझ्या पायावर डोकं ठेवून रडला. वाटलं, एवढी वेळ सांभाळून घेऊ, सुधारेल.

मार्सली : आणि नाताळात त्याने तिला त्याच वल्ह्याने संपवलं.

टॉर्किल : बावीस वर्षं तेच घेऊन उठतो मी रोज. वेगळं काय सांगतेस? तुला पोटाशी धरलं, ही बेटं दाखवली, पाखरं ओळखायला शिकवलं. आता माझ्याच तोंडाने तुला तुरुंगात धाडू?

मार्सली : आज तो दगड हातात होता ना, तेव्हा तो हात मला माझा वाटलाच नाही. बाबांचा वाटला. त्याला कुणी अडवलं नाही, काका. तू तर नाहीच नाही.

टॉर्किल : काय शिक्षा होईल ते कळतंय का तुला? हे जहाज, तुझं काम, सगळं जाईल.

मार्सली : जाऊ दे. उद्या पुन्हा कुणी मला चिडवलं, तर मी कितव्या घावाला थांबेन? तू भिंत म्हणालास, तर मीही भिंतच म्हणेन. तेवढं धैर्य नाहीये माझ्यात. म्हणून तुला सांगतेय.

डोलीना : हेलिकॉप्टर आलं बघ. माणूस दोरावरून खाली येतोय. टॉर्किल, बोल काहीतरी.

टॉर्किल : पहार त्याने आधी मारली, हे सांगेन मी.

मार्सली : सांग. ते खरंच आहे.

टॉर्किल : आणि तो पडल्यावर तू दोनदा.

मार्सली : हो.

डोलीना : हेलिकॉप्टरमधून उतरलेला विचारतोय, जखमी कुठाय आणि झालं काय.

टॉर्किल : जखमी डावीकडच्या खोलीत. आणि त्याला म्हणावं, काम उरकलं की इकडे ये. मी तिथे होतो. सुरुवातीपासून सांगतो.