चौथ्या सिनेमातलं प्रेत

(संकलनाची खोली. पडद्यावर नऊ जुन्या डिटेक्टिव्हपटांच्या मालिकेतल्या एकाचं दृश्य थांबवलेलं. खुर्चीत संकलक, शेजारी त्या सिनेमांत काम केलेल्या एका नटाची पत्नी.)

संकलक : म्हणजे काकू, नऊच्या नऊ सिनेमांत प्रेत एकच?

काकू : एकच. आमचे हे. कधी दाढी लावून, कधी टक्कल घालून. सातव्यात तर जुळे भाऊ होते, दोघेही मेलेले.

संकलक : हे नव्या प्रतींबरोबरच्या पुस्तिकेत घालतो. आणि डिटेक्टिव्ह सारखा मिशीवरून बोट फिरवायचा, ती लकब कुठून आली?

काकू : लकब कसली डोंबलाची! डिंक सुटायचा. बोट काढलं की मिशी खाली.

संकलक : हेही घालतो. आता हा चौथा. (दृश्य सुरू करतो.) डिटेक्टिव्ह म्हणतो, "याला मरून तीन तास झालेत," आणि बघा, प्रेताचं पोट हलतंय. इतकी वर्षं लोक या श्वासाला हसतायत. नव्या प्रतीतून काढतोय.

काकू : काढतोय म्हणजे?

संकलक : पोट स्थिर करायचं. दहा मिनिटांचं काम. दोषांच्या यादीत एक्केचाळिसावा.

काकू : अहो, श्वास नाहीये तो! श्वास हे दोन-दोन मिनिटं कोंडायचे, त्याच्यावरच तर आमचं पोट चाललं. हे हसू दाबतायत.

संकलक : हसू?

काकू : "तीन तास" म्हणताना मिशीचं एक टोक सुटलं. कॅमेरा त्याच्या पाठीमागे. खाली पडलेल्या माणसालाच तेवढं दिसलं. घरी येऊन रुमालाची मिशी करून दाखवलं मला. हसून हसून पुरेवाट!

संकलक : असेल. पण दोष तो दोष. यादी वरून आलीय.

काकू : ऐका तरी. घरात फोटो ढीगभर आहेत, त्यांत हे हलत नाहीत. सिनेमे नऊ, त्यांतही नाहीत. कामच ते होतं. हलतात ते एवढेच.

संकलक : तीन सेकंद.

काकू : तेवढ्यासाठी मी अख्खा सिनेमा बघते. फार आठवण येते हो. नका काढू.

संकलक : एखादा दोष ठेवला, तर यादीत कारण लिहावं लागतं, काकू.

काकू : मग लिहा की काहीतरी. शिकलेले आहात.

संकलक : थांबा... हं. लिहिलं.

काकू : काय लिहिलंत?

संकलक : "एक्केचाळीस. तपासलं. माणूस हसतोय. हात लावू नये."